डावे कोण, उजवे कोण? फ्रान्सच्या सभागृहातल्या बाकांवरून आलेल्या दोन शब्दांची गोष्ट

नीरेचा डावा कालवा बारामती-इंदापूरकडे जातो आणि उजवा फलटण-माळशिरसकडे. कालव्याच्या पट्ट्यातल्या शाळकरी पोरालाही हे तोंडपाठ असतं. पण डावा-उजवा ठरवायचा कसा? तर पाणी ज्या दिशेने वाहतं तिकडे तोंड करून उभं राहायचं. डाव्या हाताला येईल तो डावा कालवा. उलटं तोंड करून उभं राहिलं की सगळंच उलटं होतं.

राजकारणातल्या डाव्या-उजव्याचंही असंच आहे. निवडणूक जवळ आली की मोबाईलवर हे शब्द सारखे येऊन आदळतात. अमका डाव्या विचारांचा, तमका कडवा उजवा. पण डावा म्हणजे कुणाच्या डाव्या हाताला? उत्तर सोपं आहे. सभेच्या अध्यक्षाच्या. आणि ज्या अध्यक्षाच्या खुर्चीवरून हे सगळं सुरू झालं, ती खुर्ची फ्रान्समधल्या व्हर्साय या गावात होती. साल १७८९.

गारपीट, महाग पाव आणि गाऱ्हाण्यांच्या वह्या

त्या काळी फ्रान्सची लोकसंख्या सुमारे पावणेतीन कोटी होती आणि त्यातले बहुतेक लोक खेड्यात राहून शेती करायचे. १३ जुलै १७८८ रोजी पॅरिसच्या आसपासच्या मोठ्या पट्ट्यात भयंकर गारपीट झाली आणि उभं पीक झोपलं. त्यानंतरचा हिवाळा इतका कडक पडला की नद्या गोठल्या आणि पाणचक्क्या बंद पडल्या, म्हणजे असलेलं धान्यही दळता येईना. पुढच्या वर्षी पावाचा भाव चढत गेला आणि मजुराच्या कमाईतला मोठा वाटा नुसत्या पावावर जाऊ लागला.

इकडे राजाची तिजोरीही रिकामी होती. युद्धांचं कर्ज डोक्यावर, आणि सरदार-उमराव व धर्मगुरू यांना बहुतेक करांतून सूट. करांचा भार शेतकरी, कारागीर आणि व्यापारी यांच्यावर. नवे कर बसवायला संमती हवी म्हणून राजा लुई सोळावा याने एक जुनी सभा बोलावली. तिचं नाव एस्टेट्स जनरल. ती याआधी १६१४ मध्ये भरली होती, म्हणजे मध्ये पावणेदोनशे वर्षं गेली होती.

सभेआधी गावोगाव लोकांना आपली गाऱ्हाणी वहीत लिहून द्यायला सांगितलं गेलं. अशा हजारो वह्या तयार झाल्या आणि त्यातल्या पुष्कळशा आजही जपून ठेवलेल्या आहेत. त्यात स्वातंत्र्य, समता असले मोठे शब्द कमी आणि रोजचे त्रास जास्त सापडतात. मिठावरचा कर जाचक आहे, कित्येक भागांत ठरलेलं मीठ सरकारकडूनच घ्यायची सक्ती आहे. धान्य जमीनदाराच्याच गिरणीत दळावं लागतं. रस्त्याच्या कामावर वेठीला जावं लागतं. पिकाचा एक हिस्सा चर्चला द्यावा लागतो. सरदाराच्या कबुतरखान्यातली कबुतरं पेरलेलं दाणं टिपून जातात, पण त्यांना हात लावायची सोय नाही. ससे आणि हरणं पीक खातात, पण शिकारीचा हक्क फक्त सरदाराचा. रानडुकरांनी मका लोळवलेला ज्याने पाहिला आहे त्याला हे गाऱ्हाणं समजावून सांगावं लागणार नाही.

पहिल्या दिवशी सरदार डावीकडेच होते

५ मे १७८९ रोजी व्हर्सायमध्ये सभा भरली. तीन वर्ग होते. धर्मगुरूंचे सुमारे ३००, सरदारांचे सुमारे ३०० आणि उरलेल्या सगळ्या रयतेचे सुमारे ६०० प्रतिनिधी. देशातली शंभरातली सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव माणसं या तिसऱ्या वर्गात मोडत होती.

आता गंमत बघा. बऱ्याच ठिकाणी सांगितलं जातं की सरदार राजाच्या उजवीकडे बसले आणि रयत डावीकडे, म्हणून उजवे-डावे. पण पहिल्या दिवशी तसं नव्हतं. राजाच्या उजव्या हाताला धर्मगुरू बसले होते आणि डाव्या हाताला सरदार. तिसरा वर्ग समोर, पार मागे. युरोपातही उजवा हात मानाचा, म्हणून धर्माला उजवी जागा. आपल्याकडेही प्रसाद उजव्या हातात घेतात, मुलीचं लग्न झालं की ती 'उजवली' म्हणतात आणि कुणाला बाजूला सारलं की 'डावललं' म्हणतात. पंगतीत भेदभाव झाला की म्हातारी माणसं म्हणतात, डावं-उजवं करू नका. डाव्या हाताच्या वाट्याला हा कमीपणा जगात बऱ्याच भाषांमध्ये आला आहे.

म्हणजे राजकारणातले डावे-उजवे त्या दिवशी जन्मले नाहीत. त्याला अजून तीन-साडेतीन महिने लागले.

मधल्या काळात घडामोडी भराभर झाल्या. मतं वर्गावार मोजायची की डोकी मोजून, यावर सभा अडली. वर्गावार मोजली तर दोन विरुद्ध एक, रयत कायम हरणार. १७ जूनला तिसऱ्या वर्गाने स्वतःलाच राष्ट्रीय सभा म्हणून जाहीर केलं. २० जूनला सभागृहाची दारं बंद दिसली तेव्हा ते जवळच्या चेंडूच्या खेळाच्या मैदानघरात जमले आणि राज्यघटना झाल्याशिवाय पांगायचं नाही अशी शपथ घेतली. अखेर राजाला नमावं लागलं आणि तिन्ही वर्ग एका सभागृहात आले. १४ जुलैला पॅरिसमध्ये बॅस्टिलचा तुरुंग पडला. खेड्यापाड्यांत शेतकऱ्यांनी सरदारांच्या वाड्यांवर चालून जाऊन येण्या-देण्याची जुनी दप्तरं जाळली.

४ ऑगस्टच्या रात्री सभेने एका बैठकीत कित्येक जुने हक्क मोडीत काढले. शिकारीचा हक्क, कबुतरखान्याचा हक्क, सरदारांची गावातली न्यायालयं, चर्चचा पिकावरचा हिस्सा. ठराव मांडायला पुढे आले ते स्वतः सरदारच, व्हिकोम्ट नोआय आणि ड्यूक एगियों. मनाचा मोठेपणा होता की जळत्या वाड्यांची धास्ती, यावर इतिहासकार अजून भांडतात. दोन्ही असावं. एक मेख मात्र मारून ठेवली होती. जमिनीवरची बरीच देणी फुकट रद्द झाली नाहीत, पैसे भरून सोडवून घ्यायची होती. ती पूर्णपणे, मोबदल्याशिवाय रद्द व्हायला १७ जुलै १७९३ उजाडावं लागलं.

आणि खरी अडचण पुढेच होती. या ठरावांवर राजा सही करेना.

एका माणसाने कायदा अडवावा का?

ऑगस्टच्या शेवटी सभेत हाच प्रश्न आला. लोकांच्या प्रतिनिधींनी केलेला कायदा राजाला रोखता यावा का? म्हणजे राजाला नकाराधिकार, ज्याला व्हेटो म्हणतात, तो द्यायचा का? प्रश्न कागदी नव्हता. राजाने कायमचा नकार दिला असता तर ४ ऑगस्टच्या रात्रीचे ठराव कागदावरच राहिले असते, आणि कबुतरंही शेतात तशीच उतरत राहिली असती.

तीन मतं होती. एक म्हणे, राजाला पूर्ण आणि कायमचा नकाराधिकार द्या. दुसरं म्हणे, काही वर्षं अडवू दे, कायमचं नको. तिसरं म्हणे, अजिबात नको.

याच चर्चेच्या दिवसांत बसण्याच्या जागा ठरून गेल्या. तसा कुणी नियम केला नव्हता. राजाच्या आणि धर्माच्या बाजूचे लोक अध्यक्षाच्या उजव्या हाताला एकत्र बसू लागले आणि राजाचा अधिकार कमी करू पाहणारे डाव्या हाताला. बॅरन द गोव्हील नावाच्या एका सरदार प्रतिनिधीने आपल्या रोजनिशीत हे नोंदवलं आहे. ऑगस्टअखेर आपण एकमेकांना ओळखू लागलो आणि पलीकडच्या बाजूचा आरडाओरडा व शिवीगाळ नको म्हणून आपली माणसं उजवीकडे सरकली, असं तो सांगतो. त्याने म्हणे सभागृहात वेगवेगळ्या ठिकाणी बसून पाहिलं, कारण आपण कुणाच्या गटातले नाही हे त्याला दाखवायचं होतं. पण डावीकडे बसलं की तो मत द्यायला एकटाच पडायचा आणि सज्जात बसलेले प्रेक्षक त्याची हुर्यो उडवायचे. शेवटी त्याने डावी बाजू सोडून दिली.

ग्रामसभेला नेमाने जाणाऱ्याला हे चित्र ओळखीचं वाटेल. कोण कुणाशेजारी बसलं यावरूनच ठराव कुठे जाणार याचा अंदाज येतो. फ्रान्सच्या सभेत साध्या विषयांवरची मतं उभं राहून आणि खाली बसून मोजली जायची. आजूबाजूचे सगळे उभे राहिले आणि आपण एकटेच बसून राहिलो, तर ते सगळ्या सभेला दिसतं. आपल्या मताच्या माणसांत बसण्यामागे हेही एक कारण असावं.

बाजू जन्मावरून ठरल्या नव्हत्या, हे इथे लक्षात घ्यावं. डावीकडे लाफायेतसारखे सरदार होते आणि सियेससारखा धर्मगुरूही होता. राजाला कसलाच नकाराधिकार नको असं ठणकावून सांगणाऱ्यांमध्ये हा सियेस होता. उलट, रयतेने निवडून दिलेला आणि लोकांचा लाडका वक्ता मिराबो याने राजाला पूर्ण नकाराधिकार द्यावा असं भाषण केलं आणि आपल्याच चाहत्यांना बुचकळ्यात टाकलं.

११ सप्टेंबर १७८९ रोजी मतदान झालं. तात्पुरत्या नकाराधिकाराच्या बाजूने ६७३ मतं पडली, कायमच्या नकाराधिकाराच्या बाजूने ३२५. राजाने कायदा अडवला तरी पुढच्या लागोपाठ दोन सभांनी तोच मंजूर केला तर राजाची सही नसतानाही तो लागू व्हायचा. उजवी बाजू हरली. डाव्यांनाही पूर्ण हवं ते मिळालं नाही.

राजा तरीही ऑगस्टच्या ठरावांवर चालढकल करत राहिला. ५ ऑक्टोबरला पॅरिसच्या बाजारातल्या बायका पाव मागत भर पावसात व्हर्सायपर्यंत चालत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या राजाला कुटुंबासकट पॅरिसला घेऊनच परतल्या. सभाही मागोमाग गेली आणि राजवाड्याजवळच्या घोडेस्वारीच्या शाळेच्या इमारतीत बसू लागली. इमारत लांबट आणि अरुंद होती, दोन्ही बाजूंना बाकांच्या चढत्या रांगा. डावी बाजू आणि उजवी बाजू तिथे आणखी ठळक दिसू लागली.

नकाराधिकाराचं पुढे काय झालं? राजाने तो १७९१ च्या अखेरीस देश सोडून गेलेल्या सरदारांविरुद्धच्या कायद्यावर वापरला, मग घटनेची शपथ न घेणाऱ्या धर्मगुरूंविरुद्धच्या कायद्यावर. पॅरिसचे लोक त्याला 'व्हेटोसाहेब' म्हणून चिडवू लागले आणि राणीला 'व्हेटोबाई'. १० ऑगस्ट १७९२ रोजी लोकांनी राजवाड्यावर हल्ला केला आणि राजेशाही कोसळली.

कालचे डावे, आजचे उजवे

१७९१ मध्ये नवी सभा निवडली गेली. ७४५ प्रतिनिधी, आणि जुन्या सभेतला एकही नाही, कारण जुन्यांनी स्वतःवरच पुन्हा न निवडून येण्याची बंदी घातली होती. माणसं नवी आली पण बाकांची सवय तीच राहिली. फरक एवढाच की दोन वर्षांपूर्वी जे मत डावीकडचं होतं, म्हणजे राजा असावा पण घटनेच्या चौकटीत, ते आता उजवीकडे जाऊन बसलं. डावीकडे त्याहून जहाल लोक आले. सर्वांत जास्त गर्दी मधल्या बाकांवर होती, जी ना धड इकडची ना धड तिकडची.

१७९२ च्या सभेत पुन्हा तेच. आदल्या वर्षी डावीकडे बसणारे जिरोंदँ गटाचे लोक आता उजवीकडे गेले. डावीकडच्या उंच बाकांवर बसणाऱ्या रोबेस्पिएरच्या लोकांना 'डोंगर' म्हणू लागले, तर खालच्या मधल्या बाकांवरच्यांना 'मैदान'. चिडवायचं असेल तेव्हा 'दलदल'. पण हे सगळं चेष्टेपुरतं राहिलं नाही. राजाला २१ जानेवारी १७९३ रोजी गिलोटिनवर चढवलं. त्याच साली ऑक्टोबरच्या अखेरीस जिरोंदँ पुढाऱ्यांची मुंडकी उडाली. २८ जुलै १७९४ रोजी खुद्द रोबेस्पिएरची पाळी आली. कुठल्या बाकावर बसायचं हा त्या दोन वर्षांत जिवाशी खेळ होता.

या रक्तपातानंतर जी व्यवस्था आली तिने धसका घेतला. १७९५ च्या घटनेनुसार बनलेल्या पाचशेंच्या सभेत तर गट पडू नयेत म्हणून चिठ्ठ्या टाकून जागा वाटायची पद्धत आणली. पुढे नेपोलियनच्या काळात सभांना फारसा अर्थच उरला नाही आणि डावे-उजवे हे शब्दही मागे पडले.

ते परत आले १८१५ नंतर. नेपोलियन हरला, राजघराणं परतलं, आणि जुने दिवस परत आणू पाहणारे सरदार पुन्हा अध्यक्षाच्या उजवीकडे जाऊन बसले. यावेळी शब्द टिकले. वर्तमानपत्रांनी ते उचलले. आधी ती फक्त सभागृहातली जागा होती, हळूहळू ती माणसाची ओळख झाली. सभागृहाचं तोंडही न पाहिलेला शेतकरी किंवा शिक्षक स्वतःला डावा किंवा उजवा म्हणवू लागला.

१८४८ मध्ये जर्मनीत फ्रँकफर्टला संसद भरली तेव्हा तिथेही सदस्य असेच बसले. त्या संसदेतल्या गटांची नावं मात्र ते संध्याकाळी ज्या खाणावळीत जमायचे त्या खाणावळींवरून पडली होती. मग कारखाने वाढले, कामगार वाढले, समाजवादी पक्ष आले आणि ते सगळ्यात डावीकडे बसले. आधीचे डावे त्यामुळे मध्याकडे ढकलले गेले. डावे म्हणजे लाल झेंडा आणि कामगार, हा अर्थ या टप्प्यावर आला. १७८९ च्या डाव्यांमध्ये वकील, व्यापारी आणि सरदारच जास्त होते.

शेतकऱ्यांच्या दृष्टीने सगळ्यात मजेशीर उदाहरण डेन्मार्कचं आहे. तिथे १८७० मध्ये शेतकऱ्यांचा एक पक्ष उभा राहिला. बडे जमीनदार आणि राजाचं सरकार यांच्याविरुद्ध तो लढत होता म्हणून त्याचं नावच 'वेन्स्त्र' पडलं. वेन्स्त्र म्हणजे डावा. दीडशे वर्षं उलटली, पक्ष आजही त्याच नावाने निवडणूक लढवतो आणि त्याची गणना आता मध्याच्या उजवीकडे होते. शेतकरी मालक झाले, बाजारात माल विकू लागले, डावीकडे समाजवादी येऊन बसले. पाटी तीच राहिली.

मराठीत हे शब्द कधी आले

टिळक-गोखल्यांच्या काळात मराठी वर्तमानपत्रं जहाल आणि मवाळ म्हणत. १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली ती जहाल-मवाळ अशी. डावे-उजवे हे शब्द इकडे रुळले ते रशियातल्या १९१७ च्या क्रांतीनंतर, मुंबईच्या गिरणी कामगारांच्या संपांबरोबर आणि काँग्रेसमधल्या समाजवाद्यांबरोबर.

त्या समाजवाद्यांच्या पक्षाची कल्पना नाशिकच्या तुरुंगात शिजली. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी असे तरुण तिथे कैदेत होते. १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष निघाला. यातल्या मिनू मसानींनी पंचवीस वर्षांनी, १९५९ मध्ये, राजाजींच्या बरोबरीने स्वतंत्र पक्ष उभा केला. सरकारने उद्योग-शेतीत लुडबुड करू नये असं म्हणणारा तो पक्ष उजवा समजला जायचा. एकाच माणसाने एकाच आयुष्यात सभागृहाची लांबी पार केली.

१९६४ मध्ये कम्युनिस्ट पक्ष फुटला तेव्हा तर दोन गटांना 'डावे कम्युनिस्ट' आणि 'उजवे कम्युनिस्ट' म्हटलं जायचं. बाहेरच्याला वाटायचं, कम्युनिस्ट आणि उजवा? पण डावं-उजवं हे नेहमी शेजाऱ्याच्या तुलनेत असतं, त्यामुळे हेही बरोबरच होतं.

आज पुस्तकात डावे म्हणजे विषमता कमी करण्यासाठी सरकारने हात घालावा असं मानणारे, आणि उजवे म्हणजे परंपरा, धर्म, खासगी मालकी आणि मोकळा बाजार यांना जपणारे, अशी ढोबळ विभागणी देतात. पण शेतमालाच्या भावाचा प्रश्न आला की ही विभागणी लंगडते. हमीभावाने सरकारनेच खरेदी करावी ही मागणी पुस्तकाप्रमाणे डावी. लाल बावटा घेऊन शेतकरी कामगार पक्षाने आणि किसान सभेने अशा मागण्यांसाठी मोर्चे काढले. दुसरीकडे शरद जोशींनी १९८० मध्ये चाकणला कांद्यासाठी रस्ता रोखला, शेतकरी संघटना उभी केली, आणि त्यांचं म्हणणं होतं की सरकारने निर्यातबंदी आणि लेव्ही उठवून बाजार मोकळा करावा. हे पुस्तकाप्रमाणे उजवं. पुढे १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. दोन्हीकडच्या मोर्च्यांत चालणारा माणूस मात्र एकच, दोन-चार एकरांचा धनी.

आता फक्त बसण्याच्या जागेचं राहिलं. इंग्लंडच्या संसदेत विचार कोणताही असो, सरकार पक्ष अध्यक्षाच्या उजव्या हाताला आणि विरोधक डाव्या हाताला बसतात. भारताने तीच पद्धत घेतली, लोकसभेत आणि आपल्या विधानसभेतही. निवडणूक जिंकली की उजवीकडे, हरली की डावीकडे. पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीने १९७७ पासून २०११ पर्यंत सलग ३४ वर्षं राज्य केलं, आणि ती ३४ वर्षं डावी आघाडी सत्ताधारी म्हणून अध्यक्षांच्या उजव्या हाताच्या बाकांवर बसत होती. मोबाईलवर अधिवेशन बघताना अध्यक्ष समोरून दिसत असतील तर ती उजवी बाजू पडद्यावर डावीकडे येते.